मी बाळाच्या वारेतली मारक पेशी

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. माणसाच्या अंगात आमच्यासारख्या कोट्यवधी पेशी असतात. माझ्या जातीला शास्त्रज्ञांनी 'नैसर्गिक मारक पेशी' असं नाव दिलं आहे. नाव ऐकून घाबरू नका. रक्तातून हिंडणाऱ्या माझ्या बहिणी जेमतेम दोन-तीन आठवडे जगतात. मी मात्र नऊ महिने काम केलं आणि त्यानंतर कितीतरी वर्षं काचेच्या एका पट्टीवर चिकटून कोल्हापुरात राहिले आहे.

ही पट्टी माईंच्या प्रयोगशाळेत आहे. माई म्हणजे रक्त आणि शरीराचे तुकडे तपासणाऱ्या डॉक्टर. त्यांचं खरं नाव फलकावर लिहिलेलं होतं, पण सगळे त्यांना माईच म्हणत. त्यांची प्रयोगशाळा तळमजल्यावर होती आणि वरच्या मजल्यावर ऋता डॉक्टरांचं प्रसूतिगृह. शरीराच्या आत असताना मला बाहेरचं काही कळत नसे. बाहेर कोण काय बोललं ते मला नंतर माईंमुळे कळलं. पट्टी दाखवताना त्या प्रत्येक विद्यार्थिनीला सगळी हकिकत सांगत, आणि इतक्या वेळा सांगत की ती मला पाठ झाली.

माझा जन्म १९९७ साली झाला. विद्याश्री नावाच्या पंचवीस वर्षांच्या बाईच्या कमरेच्या हाडात. हाडाच्या आत मऊ, लाल गर असतो, त्याला अस्थिमज्जा म्हणतात. रक्तातल्या सगळ्या पेशी तिथेच जन्मतात. गंमत अशी की जन्मताना आपण पुढे कोण होणार हे पेशीला ठाऊक नसतं. ते तिला शेजारी सांगतात.

पेशींना तोंड नसतं. त्या रेणूंनी बोलतात. एका पेशीने रेणू पुढे केला आणि दुसरीच्या अंगावर त्याच मापाची खाच असली, की रेणू तिथे नेमका बसतो. मग आतल्या आत तो निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जात जात थेट केंद्रकापर्यंत पोचतो. तिथे कुठली कामं सुरू करायची आणि कुठली बंद ठेवायची, ते ठरतं.

मला पहिला मोठा निरोप दिला तो शेजारच्या एका लांबट पेशीने. त्या निरोपाचं नाव इंटरल्यूकिन पंधरा. ही पेशी तो रेणू वाऱ्यावर सोडत नसे. स्वतःच्या अंगावर धरून ठेवी आणि मी तिला टेकले की माझ्या खाचेत बसवी. त्या निरोपामुळे मी जगले, वाढले, माझी जात ठरली. माझ्याबरोबर जन्मलेल्या काही बहिणींना असा शेजार मिळाला नाही. त्या काही दिवसांतच विरून गेल्या. आजही त्यांची आठवण आली की मला वाटतं, माझ्यात त्यांच्याहून वेगळं असं काहीच नव्हतं.

हळूहळू माझ्या पोटात बारीक दाणे तयार झाले. त्या दाण्यांत विष असतं. एखाद्या पेशीत विषाणू शिरला किंवा ती बिघडून भलतीच वाढू लागली, तर तिला मारायचं, हे आमचं काम. पण विष हाती आलेल्या पेशीला आधी आपलं कोण ते कळायला हवं. विद्याश्रीच्या शरीरातल्या निरोगी पेशी अंगावर ओळखीची एक खूण बाळगतात. माझ्या अंगावर त्या खुणेच्या मापाची खाच उगवली. खूण खाचेत बसली की आतून निरोप यायचा, 'थांब.' ही शिकवण ज्यांना मिळत नाही त्या पेशी बहुतेक मंद, अर्धवट राहतात. मला ती मिळाली. कधी थांबायचं हे शिकले, तेव्हाच माझ्या अंगात खरं बळ आलं.

मग मी रक्तात उतरले. खूप हिंडले आणि एप्रिल महिन्यात विद्याश्रीच्या गर्भाशयापाशी पोचले. तिथल्या अस्तरातून बोलावण्याचे रेणू येत होते. मी आत शिरले. माझ्यासारख्या हजारो जणी तिथे आधीच जमल्या होत्या.

तिथे मला पुन्हा नव्याने घडावं लागलं. त्या अस्तरात टीजीएफ-बीटा नावाचा निरोप भरून राहिलेला असतो. इंटरल्यूकिन पंधराही तिथे होता. या दोघांनी मिळून माझा स्वभावच बदलून टाकला. विषाचे दाणे राहिले, पण ते चटकन झाडण्याची सवय गेली. त्याऐवजी मी रक्तवाहिन्यांना रुंद करणारे रेणू बनवू लागले. कारण लवकरच तिथे एक बाळ रुजलं, आणि त्याला आईच्या रक्तातून अन्न हवं होतं.

बाळाचं अन्न वारेतून येतं. वार बाळाच्याच पेशींची बनते. त्यांच्या निम्म्या खुणा विद्याश्रीच्या आणि निम्म्या तिच्या नवऱ्याच्या, सोमशेखरच्या. म्हणजे आमच्या हिशेबी त्या अर्ध्या परक्या. पण त्या पेशींच्या अंगावर आणखी एक निराळी खूण असते, शरीरात दुसरीकडे सहसा न दिसणारी. ती माझ्या खाचेत बसली आणि मला कळलं, हा पाहुणा आहे, याला सांभाळायचं आहे. मी सांभाळू लागले. मित्रांनो, मारक नावाची मी, पण ते दिवस मी वाटा रुंद करण्यात घालवले. इतकं सुख मला पुन्हा कधी मिळालं नाही.

बाहेर मात्र विद्याश्री घाबरलेली होती. दोन वर्षांपूर्वी चौथ्याच महिन्यात तिचं बाळ गेलं होतं. का गेलं, ते कुणालाच कळलं नव्हतं. सोमशेखरची गुळाची अडत होती. तो दुपारी जेवायला येताना रोज काहीतरी घेऊन यायचा, कधी पेरू, कधी डाळिंब. सासू गौराबाई मोठ्या आवाजाची, तोंडाने फटकळ. विद्याश्री तिला अत्ती म्हणे. अत्तीने पहिल्या दिवसापासून बजावलं होतं, "जड काय उचलायचं न्हाय. आन् उगंच घाबरायचं बी न्हाय. घाबरायचं काम माझं."

नागपंचमीला विद्याश्री माहेरी नेसरीला गेली. तिची आई, अव्वा, लेकीला पाहून हरखली. लेक बारीक दिसते म्हणून रोज सकाळी म्हशीची धार काढायची आणि तांब्या तसाच, कोमट, फेसाळ, तिच्या हातात द्यायची. "हितंच उभी राहून पी बघू," म्हणायची. विद्याश्री आठ दिवस ते धारोष्ण दूध प्याली. आईची माया होती, आणि दूध गोडही लागत होतं.

त्या दुधात लिस्टेरिया नावाचे काही जंतू होते. म्हैस दिसायला धडधाकट होती, दूध दिसायला शुभ्र. असले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, आणि दूध उकळलं तर ते मरतात. ते उकळलं नव्हतं, एवढंच झालं.

कोल्हापूरला परत आल्यावर पंधराएक दिवसांनी तिला ताप भरला. अंग मोडून आलं, पाठ दुखू लागली. गौराबाईने कपाळाला हात लावला आणि ओरडली, "आगं, तवा झालाय की कपाळाचा!" पावसात भिजल्यामुळे असेल असं सगळ्यांना वाटलं. तरी तिने विद्याश्रीला ऋता डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी तपासलं, बाळाचे ठोके ऐकले आणि विचारलं, "बाहेरचं काही खाल्लं होतंत का? काही कच्चं, न शिजवलेलं, न उकळलेलं?"

"न्हाई," विद्याश्री म्हणाली.

तेव्हा तिने खाली पाहिलं. डॉक्टर लिहीत होत्या, त्यांना ते दिसलं नाही. गौराबाईला दिसलं.

आत माझ्याकडे काय चाललं होतं, तेही सांगते. जंतू रक्तातून वारेपर्यंत पोचले होते. लिस्टेरिया फार चलाख. तो बाहेर थांबत नाही, पेशीच्या आतच घर करतो आणि एका पेशीतून शेजारच्या पेशीत ढुशी मारून शिरतो. माझ्या शेजारची वारेची एक पेशी, जिला मी महिनोन्महिने ओळखत होते, तिच्या पोटात तीन जंतू शिरले. तासाभराने आणखी झाले.

तिच्या अंगावरची ओळखीची खूण सांगत होती, 'थांब.' आणि तिच्या आतून येणारे धोक्याचे रेणू सांगत होते, 'हिला मार.' रक्तात असते तर मी विषाचे दाणे झाडले असते. पेशी मेली असती, जंतूही मेले असते. पण इथे तशी एकेक पेशी मारत गेलो, तर वारेच्या भिंतीलाच भोकं पडणार आणि बाळाचं अन्न तुटणार. न मारावं, तर जंतू वाढत वाढत बाळापर्यंत जाणार.

मी तिला बिलगले. मग आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. केसाहूनही कितीतरी पट बारीक अशी नळी तिच्या अंगात सरकवली. आमच्या दाण्यांत अनेक प्रकारची विषं असतात. काही पेशीला फोडतात, काही फक्त जंतूंना. त्यांतलं जंतू मारणारं तेवढंच, ग्रॅन्युलायसिन नावाचं, मी त्या नळीतून तिच्या आत सोडलं. जंतू फुटले. माझी शेजारीण थरथरली, पण जगली.

माझ्या बहिणीही हेच करत होत्या. तरी सगळ्या शेजारणी वाचल्या नाहीत. आमच्यापुढचे जंतू कमी झाले, तरी रक्तातून नवे येतच होते. आम्ही दमत चाललो होतो. आम्हाला बाहेरून मदत हवी होती आणि बाहेर कुणाला मुळात काय झालंय हेच ठाऊक नव्हतं.

तापाचा तिसरा दिवस. सोमशेखर अडतीवर गेला होता. गौराबाई सुपात तांदूळ घेऊन विद्याश्रीच्या पलंगाशी येऊन बसली.

"माहेरी काय खाल्लंस?"

"काय न्हाई अत्ती. रोजचंच."

"डॉक्टरीणबाईंनी इचारलं तवा खाली का बघितलंस?"

विद्याश्रीने भिंतीकडे तोंड केलं. गौराबाई तांदूळ निवडत बसून राहिली. सूप संपलं, तरी उठली नाही. बाहेरून शेजारीण हाक मारून गेली, तिलाही ओ दिली नाही. माई सांगत, ती बाई तास-दीड तास तशीच बसली होती. शेवटी विद्याश्रीच रडू लागली.

"अव्वाला काय बोलणार न्हाई न्हवं तुमी?"

"तुझ्या अव्वाला बोलून तुझा ताप उतरणार हाय व्हय? सांग आधी."

"दूध प्याले. धारेचं. रोज सकाळी."

"न उकळता?"

"व्हय. अव्वा मायेनं देत होती. आन् मागचं बाळ गेलं तवा सगळी पावणंमंडळी तिलाच बोलली होती, की लेकीला जपलं न्हाईस म्हणून. पुन्हा तिच्यावर यायला नको म्हणून मी..."

गौराबाई उठली. तिने विद्याश्रीचा चेहरा ओल्या फडक्याने पुसला, पायात चपला सरकवल्या आणि गल्लीत जाऊन रिक्षावाल्याला अशी हाक मारली की चार घरची माणसं दारात आली.

दवाखान्यात विद्याश्रीने स्वतःच सगळं सांगितलं. ऋता डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी लगेच रक्त घेऊन खाली माईंकडे पाठवलं आणि तपासणीचा निकाल येण्याची वाट न बघता अँपिसिलिनची इंजेक्शनं सुरू केली. "निकालाला दोन-तीन दिवस लागतील," त्या गौराबाईला म्हणाल्या. "तेवढे दिवस आपल्याकडे नाहीत."

"बाळ हाय न्हवं?" गौराबाईने विचारलं. एरवीचा तो मोठा आवाज कुठेतरी गेला होता.

"ठोके आहेत. आज आहेत, एवढंच मी सांगू शकते."

पुढचे दोन दिवस गौराबाई माईंच्या दारातल्या बाकावर बसून होती; घरात काय काय झालं ते तिने तेव्हाच माईंना सांगितलं. माई काचेच्या बशीत रक्तातले जंतू वाढवून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला आत बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकातून ते जंतू दाखवले. गौराबाईने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "एवढीशी किडं, आन् माझ्या घराच्या मुळावर उठल्यात!"

औषध मात्र आमच्यापर्यंत पोचलं होतं. रक्तातले जंतू कमी होत गेले. नव्याने कुणी येईना, तशी आम्हाला उसंत मिळाली. मित्रांनो, मी एकटीने काही जिंकलं नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. औषध उशिरा आलं असतं तर आम्ही हरलो असतो, आणि आम्ही ते दिवस धरून ठेवले नसते तर औषधाला वाचवायला काही उरलं नसतं.

सातव्या दिवशी ताप पूर्ण उतरला. इंजेक्शनं दोन आठवडे चालली. एका दुपारी विद्याश्री वॉर्डात पेरू खात होती, ती एकदम थांबली. "अत्ती, आत पाकोळी फडफडल्यागत झालं." गौराबाईने तिच्या पोटावर हात ठेवला. बाहेरून अजून काही कळण्यासारखं नव्हतं. तरी ती म्हणाली, "व्हय व्हय, कळालं की मला!" आणि पदराने डोळे पुसत बाहेर गेली.

त्याच आठवड्यात अव्वा नेसरीहून एसटीने थेट दवाखान्यात आली. लेकीला बरं वाटावं म्हणून तिने किटलीभर दूध आणलं होतं. आजाराचं कारण मात्र तिला कुणी कळवलं नव्हतं. वॉर्डाच्या दारातच तिला सगळं कळलं. "माझ्या हातनंच झालं की गं हे," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणू लागली.

विद्याश्रीने सासूकडे पाहिलं. गौराबाईने अव्वाच्या हातातली किटली काढून घेतली, वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यातला स्टोव्ह पेटवला आणि दूध चांगलं खळखळून उकळेपर्यंत तिथून हलली नाही. मग पहिला पेला तिने अव्वाच्याच हातात दिला.

"घ्या, विहीणबाई. माया तुमची आन् उकळी माझी. आता काय बिघडतंय बघू!"

अव्वा रडता रडता हसली. पुढे नेसरीच्या त्या घरात कुणी धारोष्ण दूध प्यालं नाही, आणि अव्वाने गल्लीतल्या सगळ्या लेकीबाळींनाही दूध उकळायला लावलं.

हळूहळू माझ्या बऱ्याच बहिणी कमी झाल्या. बाळ मोठं होत गेलं, तसं आमचं काम सरत आलं. मी शेवटपर्यंत राहिलेल्या थोड्यांपैकी एक. १९९८च्या संक्रांतीनंतर चार दिवसांनी विद्याश्रीला मुलगी झाली. तिचं रडणं वरच्या मजल्यावरून माईंना खाली ऐकू आलं. तिचं नाव सौंदर्या ठेवलं.

वार बाहेर आली, तिच्याबरोबर मीही आले. ऋता डॉक्टरांनी वारेचा तुकडा तपासायला माईंकडे पाठवला. माईंनी तो औषधात मुरवला, मेणात बसवला, त्याचे पापुद्र्यासारखे काप केले आणि जांभळा-गुलाबी रंग देऊन एक काप काचेवर चिकटवला. त्यातच मी आहे. एका कडेला जुन्या जखमेचे वण दिसतात, आणि त्याच्या शेजारी धडधाकट वार.

पुढची काही वर्षं माझ्या कौतुकाची होती. परिचारिका होणाऱ्या मुली माईंकडे शिकायला येत. माई पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून म्हणत, "या मारक पेशी. आईच्या पोटात बाळाभोवती एवढ्या असतात." एकदा एका मुलीने विचारलं, "मग माई, बाळ जगतं कसं?" माई म्हणाल्या, "त्या तिथे मारत नसाव्यात. काय करतात, ते आम्हाला अजून पुरतं कळलेलं नाही." माझ्या त्या बारीक नळीबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं. पण न कळलेल्या गोष्टीला 'कळलेलं नाही' म्हणणाऱ्या माई मला फार आवडत.

नंतर माईंची नजर कमी झाली. विद्यार्थिनी येईनाशा झाल्या. माझी लाकडी पेटी वरच्या फडताळात गेली. एका पावसाळ्यात तिला ओल आली आणि शेजारच्या दोन पट्ट्यांवर बुरशी चढली. माझाही रंग उडत चालला.

२००८ साली विद्याश्री सौंदर्याचं रक्त तपासायला तिथे आली. माईंनी तिला ओळखलं, स्टूल घेऊन पेटी खाली काढली, पट्टी पुसली आणि दहा वर्षांच्या सौंदर्याला म्हणाल्या, "ये, तुला एक दाखवते. तू आईच्या पोटात होतीस तेव्हा तुझ्यापाशी राखणीला ही होती."

सौंदर्याने डोळा लावला. तिचा डोळा माझ्यावर आला. मी तिच्यासाठी काय काय केलं, ते मला सगळं सांगायचं होतं.

"मला तर नुसता जांभळा ठिपका दिसतोय," ती म्हणाली. मग बोटाला लावलेला कापूस फेकून आईला म्हणाली, "चल की गं मम्मी, भूक लागलीया!" आणि उड्या मारत दारापुढच्या पायऱ्या उतरून गेली.

मला मुळीच वाईट वाटलं नाही. ती उड्या मारत होती, यापेक्षा मला आणखी काय हवं होतं?

मित्रांनो, आता माझा रंग फार दिवस टिकणार नाही. जाण्याआधी तुमच्यापाशी एक मागणं आहे. दूध उकळून प्या, हे तर तुम्हाला शाळेतही सांगतील. मी दुसरं सांगते. तुमच्या घरात कुणी आई होणार असेल, कुणी आजारी असेल, कुणी उगाच गप्प गप्प असेल, तर त्यांच्याजवळ जा. 'काय होतंय?' असं विचारा. विचारून लगेच उठू नका. ते सांगेपर्यंत तिथेच बसा.